सिद्धनकट्टीची सातवी पायरी

निवृत्त माणसानं दुसऱ्याच्या कामात चूक काढू नये. काढलीच तर ती दुरुस्त करून दाखवावी लागते, एकदा दाखवली की लोक त्याला जाणकार समजायला लागतात, आणि तिथून पुढं त्या माणसाचं काही खरं नसतं. हे शहाणपण पद्मनाभ हुद्दारांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आलं. आलं तेव्हा ते अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालून, कमरेवर पाण्याचा वीस लिटरचा कॅन घेऊन, पुण्याच्या नव्हे, कानडी राजधानीतल्या शिवाजीनगरात एका माळ्यावर बाईसारखे चालत होते.

तशी सुरुवात साधीच होती. हुद्दार राहतात त्या बसवनगुडीतल्या तीन मजली इमारतीत सगळ्यात वर शाल्मली नावाची पुण्याची मुलगी भाड्यानं राहते. तिची कंपनी संगणकात माणसं बनवते. म्हणजे जुनी देवळं, तळी, किल्ले संगणकात जसेच्या तसे उभे करायचे आणि त्यात त्या काळची माणसं हिंडती-फिरती सोडायची. डोळ्यांवर तो डबड्याएवढा चष्मा चढवला की आपण थेट बाराव्या शतकात. हुद्दारांच्या पत्नीनं, श्यामलाबाईंनी, हे ऐकून पहिला प्रश्न विचारला होता की तिथं चहाची काही सोय असते का. नसते म्हटल्यावर त्यांचा बाराव्या शतकातला रस संपला.

त्या रविवारी सकाळी शाल्मली गच्चीत लॅपटॉप घेऊन बसली होती आणि हुद्दार सांडगी मिरच्या राखत होते. राखण म्हणजे काय, तर कावळा आला की हात हलवायचा. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या कार्यालयात फाइली राखलेल्या माणसाला हे काम काही अवघड नव्हतं. मध्येच त्यांची नजर शाल्मलीच्या पडद्यावर गेली. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली चौकोनी पुष्करणी, तळाशी हिरवं पाणी, आणि कमरेवर घागरी घेतलेल्या बायका वर येताहेत.

"हे कुठलं गं?"

"बेळगाव साइडला एक छोटं गाव आहे काका, सिद्धनकट्टी. सरकारी प्रोजेक्ट आहे. मस्त झालंय ना?"

कावळा आला, मिरची घेऊन गेला. हुद्दारांचा हात हलला नाही. सिद्धनकट्टी हे त्यांचंच गाव. सहाव्या वर्षी सुटलं ते सुटलंच. आता तिथं पाणी नाही, पुष्करणीत घाणेरी माजली आहे, एवढं कुणाकुणाकडून ऐकलेलं. "अगं, हे माझं गाव," एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण सांगणं अवघड झालं की हुद्दार चूक काढतात, ही त्यांची जुनी खोड.

"तुमच्या बायका चुकीच्या चालतायत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"भरली घागर कमरेवर असली की बाई अशी डुलत नाही. एक खांदा वर चढतो, दुसरा हात लांब सुटतो. पायरी ओली असते, म्हणून आधी बोटं टेकतात, मग टाच. या तुमच्या बायका पाण्याला निघाल्यात असं वाटत नाही. बक्षीस घ्यायला निघाल्यात."

"काका, दोन डान्सर बोलावल्या होत्या, त्यांच्यावरूनच घेतलंय," शाल्मली म्हणाली. मग तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला. "पण हे एवढं डिटेल तुम्हाला कसं माहीत?"

"माझी आई," हुद्दार म्हणाले आणि नसलेल्या कावळ्याला त्यांनी हात हलवला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हुद्दार सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. चेहरा त्यांना आठवत नव्हता. बासष्ट वर्षं प्रयत्न करून आठवला नव्हता. आठवायची ती फक्त चाल. खोल पायऱ्यांवरून एक बाई वर येते आहे, तिच्या मागं पाण्यावर लखलखतं ऊन, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. दर दोन-चार महिन्यांनी हे चित्र त्यांना स्वप्नात पडायचं. त्या दिवशी सकाळी ते कॉफीत साखर घालायला विसरायचे आणि तशीच पिऊन "छान झालीय" म्हणायचे. श्यामलाबाई मग दिवसभर त्यांना काही कामं सांगायच्या नाहीत.

"काका, एकदा स्टुडिओत येऊन चालून दाखवाल? फक्त दहा मिनिटं," शाल्मली म्हणाली.

ती दहा मिनिटं चार महिने चालली.

स्टुडिओत गेल्यावर त्यांना तो काळा पोशाख मिळाला. त्यावर जागोजागी पांढऱ्या गोट्या चिकटवलेल्या होत्या आणि भोवतीचे कॅमेरे त्या गोट्यांवरून माणसाची हालचाल टिपायचे. आयुष्यात ज्यांनी अर्ध्या बाह्यांचा शर्टसुद्धा ऑफिसात घातला नाही, ते हुद्दार आरशासमोर उभे राहिले आणि त्यांना आपलं पोट प्रथमच सर्व बाजूंनी भेटलं. सोबत श्यामलाबाईंची माहेरची तांब्याची घागर आणली होती. ती चिंचेनं घासून इतकी चकचकीत केलेली, की कॅमेऱ्यांना घागरच माणूस वाटायला लागली. शेवटी तिथला पिण्याच्या पाण्याचा प्लास्टिकचा कॅन कमरेवर आला. "रिकामाच घ्या काका," शाल्मली म्हणाली. पण रिकाम्या भांड्यानं चाल येते होय? हुद्दारांनी भरलेलाच घेतला, आणि दुसऱ्या फेरीला त्याचं झाकण उडालं.

खालच्या मजल्यावर लग्नपत्रिकांचं दुकान होतं. छतातून पाणी ठिबकायला लागल्यावर दुकानदार तावातावानं वर आला. दार ढकलल्यावर त्याला दिसलं की अंगभर गोट्या लावलेला एक म्हातारा एक खांदा वर करून, कमरेवर कॅन घेऊन, पुष्करणीच्या म्हणून मांडलेल्या लाकडी पायऱ्या बोटांवर चढतो आहे. तो आल्या पावली खाली गेला आणि पुन्हा कधी वर आला नाही.

त्या पायऱ्यांवरच सगळा घोळ झाला. वरून सातव्या पायरीला हुद्दार आपोआप थांबले. कॅन टेकवला, वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, हात हवेत गोल फिरवला, आणि नसलेल्या पदरानं काहीतरी पुसलं.

"हे काय होतं काका?"

"आई थांबायची इथं. रोज. वरून सातवी."

"काय पुसायची?"

हुद्दार विचारात पडले. "तिथं काहीतरी असायचं. काय, ते आठवत नाही. एकदम गार वाटायचं, बांगड्या वाजायच्या, आणि सगळा अंधार."

"आणि तुम्ही कुठं असायचात?"

"मी? मी असेन की तिथंच कुठंतरी."

स्वतःच्या आठवणीत माणसाला सगळे दिसतात, तो स्वतः तेवढा दिसत नाही. पण ही अडचण कुणाच्या लक्षात यायच्या आतच कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "सप्तमसोपान!" प्राध्यापक त्रिविक्रम जागे झाले होते. हे या कामाचे तज्ज्ञ सल्लागार. पाषाण, शिलालेख आणि दुपारची झोप या तिन्ही विषयांत त्यांचा अधिकार मोठा. हुद्दारांना दर पाच मिनिटांनी खिशातला चष्मा चाचपायची सवय आहे, ती त्या पोशाखातही गेली नव्हती. त्याबद्दल त्रिविक्रमांनी सकाळीच लिहून घेतलं होतं, की जलाशयातून वर येताना स्त्रिया मंगळसूत्राला स्पर्श करीत. आता तर त्यांच्या हाती घबाड लागलं. "सातव्या पायरीवर जलदेवतेचं स्थान असणार. ओवाळून जलार्पण! अशी जिवंत परंपरा हल्ली मिळते कुठं, हुद्दार!"

हुद्दारांनी तेव्हाच "मला खात्री नाही" असं म्हणायला हवं होतं. पण त्यांना चौतीस वर्षांत कुणी परंपरा म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मनात निराळंच काही चाललं होतं. ज्या बाईचा एक फोटो उरला नाही, तिचं थांबणं, वाकणं, हात फिरवणं कायमचं कुठंतरी राहणार होतं. हा मोह कुणालाही आवरला नसता.

पुढच्या महिन्यात शाल्मलीनं पडद्यावर नमुना दाखवला. संगणकात एकदा एका माणसाची हालचाल आली की ती कितीही जणांना वाटता येते. दोनशे बायका पुष्करणीतून वर येत होत्या. दोनशे जणी चष्मा चाचपत होत्या, सातव्या पायरीला दोनशे जणी थांबत होत्या, वाकत होत्या, हात फिरवत होत्या. हुद्दारांच्या डोळ्यांत पाणी आलं. श्यामलाबाई मात्र बारकाईनं बघत म्हणाल्या, "अहो, सगळ्या तुमच्यासारख्याच दिसतायत पाठीमागून."

मग सरकारी मंजुरी. ती देणारे मल्लाप्पा साहेब मूळचे चिक्कोडीकडचे, मराठी पक्कं जाणणारे. त्यांनी एका कागदावर एक सही केली आणि सप्तमसोपान-विधी बाराव्या शतकात दाखल झाला. इतकं सोपं काम सरकारात होतं हे बघून हुद्दारांना आपल्या गेलेल्या चौतीस वर्षांबद्दल थोडं वाईट वाटलं.

त्रिविक्रमांनी बसवनगुडीतल्या एका मंडळात व्याख्यान दिलं. व्याख्यानाला हुद्दारांच्या शेजारणी, दयानंदांच्या पत्नी पवित्राबाई, पहिल्या रांगेत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इमारतीच्या जिन्यात सातव्या पायरीवर रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. त्यांचं बघून दुसऱ्या मजल्यावरच्यांनी हळदकुंकू वाहिलं. आठवड्यानं पायरीवर झेंडूची दोन फुलंही दिसली. दयानंद हुबळीचे, फार सल्लागार वृत्तीचे. ते रोज गाठून सांगायचे, "अण्णा, हे पेटंट करून ठेवा. उद्या कुणी दुसरा आपला म्हणेल, मग रडत बसाल." आणि एका सकाळी दूध आणायला निघालेले दयानंद त्याच सातव्या पायरीवरून घसरून थेट पहिलीवर आले. पाय प्लास्टरमध्ये गेला.

हुद्दार भेटायला गेले तेव्हा दयानंद पलंगावरून म्हणाले, "अय्यो, तुमचं काय चुकलं त्यात अण्णा? देवीचंच काहीतरी राहिलं असंल आमच्याकडनं. स्वल्प कमी पडलं पाणी."

त्या रात्री हुद्दारांना स्वप्न पडलं. नेहमीचंच. पण या खेपेला बाई सातव्या पायरीला थांबलीच नाही, सरळ वर निघून गेली. सकाळी त्यांनी कॉफीत दोनदा साखर घातली. "मी अक्काकडं जाऊन येतो," ते म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण ठकुबाई. वय एकोणऐंशी, मुक्काम राजाजीनगर, जीभ अजून तिशीतली. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आईविषयी दोघं कधी बोलत नसत. अक्कानंच धाकट्याला वाढवलेलं, त्यामुळं आईची आठवण काढणं म्हणजे अक्काच्या कामात चूक काढल्यासारखं होईल असं हुद्दारांना वाटायचं. शाल्मलीचा लॅपटॉप त्यांनी अक्काच्या मांडीसमोर ठेवला आणि बायका सुरू केल्या.

अक्का चष्मा सारखा करून बघत राहिली. "पायऱ्या आपल्याच रे. तो कोपरा फुटलाय तो पण घेतलाय बघ. आणि ही चाल..." ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "आईच की रे ही, पदू."

"हो ना?" हुद्दारांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात दोनशे बायका सातव्या पायरीवर थांबल्या, वाकल्या आणि हात फिरवू लागल्या. अक्काच्या कपाळावर आठी पडली. "आणि ह्या सगळ्याजणी इथं थांबून काय करालेत?"

"विधी आहे अक्का. सप्तमसोपान. जलदेवतेला..."

अक्का हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग पोट, मग तिनं कवळी काढून वाटीत ठेवली आणि मोकळेपणानं हसली. हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "अरे मुडद्या, देवता कसली! ते तुझं नाक रे!"

"नाक?"

"वाहायचं की रे बारा महिने! तुला सातव्या पायरीच्या खाली उतरू द्यायची नाही आई, बुडशील म्हणून. तू तिथंच फतकल मारून बसायचास, नाक गाळत. येताना ती घागर टेकायची, तुझं तोंड धुवायची, पदरानं पुसायची आणि पुढं चालायची. ह्या बायकांना सांग कुणीतरी, पदूचं नाक बंद झालंय म्हणावं."

हुद्दारांचा हात आपोआप नाकाकडं गेला. एका बाजूनं त्यांचा अधिकार, व्याख्यान, परंपरा, सगळं धुळीला मिळत होतं. दुसऱ्या बाजूनं छातीत काहीतरी इतकं भरून येत होतं की त्याला जागा पुरेना. त्या स्वप्नातला रिकामा कोपरा भरला होता. ती कुणा देवतेसाठी थांबत नव्हती.

"मग मला तिचं तोंड कसं आठवत नाही गं? इतक्या जवळ यायची ना?"

"कसं आठवेल? पाणी लागतंय म्हणून डोळे गच्च मिटून बसायचास. पदू, डोळे उघड, म्हणायची ती. शेवटपर्यंत उघडायचा नाहीस," अक्का म्हणाली आणि कवळी परत बसवली.

परतताना मेट्रोत हुद्दार दारापाशी उभे राहिले. काचेत त्यांचं नाक दिसत होतं. ज्या नाकामुळं दोनशे बायका बाराव्या शतकात खोळंबल्या आणि दयानंदांचा पाय मोडला, ते नाक बाहेरून अगदी साधं होतं. गप्प बसणं सोपं होतं. अक्का कुणाला सांगायला जाणार नव्हती, त्रिविक्रमांची पुस्तिका छापायला गेली होती, आणि गप्प बसलं तर आई तिथंच राहणार होती, एक नव्हे, दोनशे वेळा. खरं सांगितलं तर ती पुसली जाणार होती. बासष्ट वर्षांनी सापडलेली. उतरायचं ते नॅशनल कॉलेजचं स्टेशन आलं, गेलं, आणि हुद्दार दोन स्टेशनं पुढं जाऊन परत आले.

घरी येऊन त्यांनी श्यामलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी निवडत असलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "तिनं तुमचं तोंड स्वच्छ ठेवायला एवढा त्रास घेतला. त्याच तोंडानं आता खोटं बोलणार का?" हुद्दार उठले आणि त्यांनी कोरा कागद घेतला.

तिसऱ्या दिवशी मल्लाप्पा साहेबांच्या टेबलासमोर हुद्दार, शाल्मली आणि प्राध्यापक त्रिविक्रम बसले होते. ही प्रथा वगळा, असं ऐकल्याबरोबर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"अवघड आहे सर. घालायला पुरावा लागत नाही. काढायला लागतो. नव्हतीच म्हणून दाखवायला पाहिजे."

"मी अर्ज आणला आहे," हुद्दार म्हणाले. चौतीस वर्षं हा माणूस अर्जच वाचत आला होता, अर्ज कसा करावा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. साहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"विषय, सिद्धनकट्टी येथील सातव्या पायरीवरील विधी वगळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, सदर विधी हा विधी नसून अर्जदाराचे नाक होते. सदर नाक अर्जदाराच्या मातोश्री दररोज धूत असत. अर्जदाराने डोळे मिटलेले असल्याने ही बाब त्याच्या निदर्शनास आली नाही. तसेच, मंगळसूत्रास स्पर्श करण्याची प्रथा हा अर्जदाराचा चष्मा आहे. झालेल्या गैरसमजास अर्जदार सर्वस्वी जबाबदार असून..." साहेब थांबले. "पुरावा?"

"बाहेर बाकावर बसलाय," हुद्दार म्हणाले.

अक्का आत आली. साहेबांनी उठून खुर्ची दिली. तिनं दोन मिनिटांत सगळं सांगितलं आणि वर त्रिविक्रमांकडं बघून विचारलं, "तुमच्या लहानपणी तुमचं नाक कोण पुसायचं हो?" त्रिविक्रम छताकडं बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "शिलालेख याबाबतीत मौन बाळगून आहेत, हे मान्य करायला हवं." पुस्तिका थांबवायला सांगायला ते स्वतः उठून बाहेर फोन करायला गेले.

मल्लाप्पा साहेब अर्जाकडं बघत बसले होते. त्यांनी तो पुन्हा एकदा मनात वाचला. मग शाल्मलीला म्हणाले, "सरी, ठीक आहे. विधी काढून टाका मॅडम. एकशेनव्व्याण्णव बायका सरळ वर जाऊ देत."

"आणि सर, दोनशेवी?"

"ती थांबू दे की. बाराव्या शतकात पोरांना नाकं नव्हती काय?" आणि त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर शाल्मली म्हणाली, "काका, एक प्रॉब्लेम आहे. लहान मूल बनवायला आता वेळ नाहीये, पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे. ती बाई थांबेल, पण पायरी रिकामीच राहील."

"राहू दे," हुद्दार म्हणाले.

"आणि तिचा चेहरा? बाकीच्यांना आम्ही पाच-सहा चेहरेच फिरवून दिलेत. पण हिला तसा नको वाटतो."

अक्का रिक्षात बसत होती. ती वळून म्हणाली, "आईचं तोंड? हे माझंच की. सगळं गाव म्हणायचं. एवढ्या सुरकुत्या तेवढ्या काढ पोरी, आणि नथ घाल." मग अक्काही त्या माळ्यावर गेली. पन्नास कॅमेऱ्यांपुढं तिनं मान इकडं केली, तिकडं केली, आणि खालच्या दुकानातून जाताना पत्रिकांचा कागद पातळ झालाय म्हणून दुकानदाराला सुनावून आली.

उद्घाटनाच्या दिवशी हुद्दारांनी रिक्षात श्यामलाबाईंना सांगून ठेवलं, "आज डोळे उघडे ठेवायचे. काही झालं तरी." श्यामलाबाई नुसत्या हसल्या.

सभागृहात गर्दी होती. कुबड्या घेतलेले दयानंदसुद्धा पवित्राबाईंबरोबर आले होते आणि चष्मा कसा घालावा याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देत होते. भाषणं झाली, दिवा लागला, रांग लागली. हुद्दारांचा नंबर आला. शाल्मलीनं त्यांचा स्वतःचा चष्मा काढून हातात दिला आणि तो डबडं-चष्मा डोळ्यांवर चढवला. डोळे, कपाळ सगळं झाकलं गेलं, नाक तेवढं बाहेर राहिलं.

आणि सभागृह नाहीसं झालं. सकाळचं ऊन, चिमण्या, खाली हिरवं पाणी. हुद्दार कडेला उभे होते. घाणेरी नव्हती, एक दगड हललेला नव्हता. ते मोजत उतरले. एक, दोन, तीन. सातव्या पायरीशी आले आणि खाली बसले.

"काका, हे उभं राहूनच बघायचं असतं," लांबून कुठूनतरी शाल्मलीचा आवाज आला. बाराव्या शतकात तो नीटसा ऐकू येत नव्हता. सभागृहाच्या लाल गालिच्यावर हुद्दार मांडी घालून बसले होते.

बायका वर यायला लागल्या. एकीमागून एक त्यांच्या अंगावरून गेल्या, कुणी थांबलं नाही. घाट रिकामा झाला. मग अगदी खालून एकटी बाई निघाली. मागं पाण्यावर तेच ऊन, चेहऱ्याच्या जागी तोच काळोख. एक खांदा वर, एक हात लांब सुटलेला, आधी बोटं, मग टाच. मध्येच तिनं छातीशी हात नेऊन चष्मा चाचपला. तेवढं काढायचं शाल्मलीकडून राहूनच गेलं होतं. चाल हुद्दारांची होती, तोंड अक्काचं होतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी ती आई होती, त्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

ती सातव्या पायरीशी आली. घागर टेकवली. उन्हाच्या आड आली आणि काळोख सरायला लागला. नथ चमकली. हनुवटी दिसली. ती वाकली, ओंजळ भरून घेतली, बांगड्या वाजल्या. हुद्दारांनी तोंड वर केलं. आता. बासष्ट वर्षांनी. तिचा हात चेहऱ्याजवळ आला.

आणि हुद्दारांनी डोळे गच्च मिटून घेतले.

रांगेतल्या लोकांना एवढंच दिसलं, की एक म्हातारे गृहस्थ गालिच्यावर बसून, तोंड वर करून, गप्प थांबले आहेत, आणि त्यांचं नाक वाहतं आहे. श्यामलाबाई पुढं झाल्या. त्यांनी वाकून पदराच्या टोकानं ते नीट पुसलं आणि रांगेत मागं उभ्या असलेल्यांना म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा हं. यांचं व्हायचंय अजून."